म्हसोबाची दोन बोटं

मापाच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालायचा न्हाय. उद्यमनगरात माझं ग्यारेज हुतं तवा माणसं म्हणायची, मीरासाब मिस्त्रीची टेप चुकंल, पर नजर चुकायची न्हाय. आणि मी बी ते ऐकून मिशीला पीळ भरायचो. माझी बायको चाँदबी म्हणायची, "एवढी नजर हाय तर सदऱ्याचं बटण रोज वाकडं कसं लागतंय?" तिला काय कळतंय गाड्यांतलं! पर चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीत एका जुन्या पिकपनं माझी अशी जिरवली, की गवळी गल्लीतनं जाताना आज बी माणसं मला दोन बोटं दाखवत्यात आणि खदाखदा हसत्यात. हसा म्हणावं. त्या दिवाळीएवढा आनंद मला पुन्हा कवा झाला न्हाय, म्हणून तर सांगायला बसलोय.

अण्णासो गवळी म्हंजे माझा लहानपणापासनंचा दोस्त. गवळी गल्लीत त्येचा गोठा. सात म्हशी, त्यातली हरणी त्येचा जीव की प्राण. आता परगावच्या पावण्यांसाठी सांगतो. आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी नटवत्यात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, कपाळाला मोरपिसं, पायात घुंगरू. मग मालक फटफटीचा सायलेन्सर काढून गल्लीतनं सुसाट सुटतोय, आणि म्हस त्येच्या म्हागं पळती. दावं न्हाय, काठी न्हाय. आजूबाजूला पन्नास गाड्या कोकलत असू द्यात, म्हस आपल्या मालकाच्याच गाडीचा आवाज वळखती. ज्येची म्हस गाडीला नाक लावून पळली त्येची वर्सभर मान ताठ. अण्णाची मान अठरा वर्सं ताठ हुती.

त्या साली श्रावणात पंचगंगेच्या घाटावर म्हशी धुताना शेवाळावरनं अण्णाचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. अडीच महिनं गडी खाटेवर. हाड जुळलं, काठी घेऊन चालायला बी लागला, पर उजवा पाय टीचभराच्या वर उचलंना. दाबायला जोर हुता, उचलायला न्हाय. फटफटीवर टांग टाकायचं तर नावच सोडा.

मी बघायला गेलो तर अण्णा भिंतीकडं तोंड करून पडलेला. त्येची बायको बायडाबाई दारातच मला गाठून म्हणाली, "भाऊजी, तुमीच समजवा. हरणीचं घुंगरू इकून टाक म्हणायल्यात."

"का रं अण्णा? घुंगरानं काय घोडं मारलं तुझं?"

"पाडव्याला ती कुणाच्या म्हागं पळणार?" त्यो भिंतीलाच बोलला. "ह्या काठीच्या म्हागं व्हय?"

"दुसरा कोणबी फटफटी चालवंल की."

तसा त्यो गर्रकन वळला. "दुसऱ्याच्या म्हागं ती पळायची न्हाय. आणि पळलीच, तर मला ते बघायचं न्हाय." आणि डोळ्यावर आडवा हात घेतला. तालमीत ज्येनं मला शंभरदा चितपट केलं त्यो गडी रडायला लागला.

बाहेर आलो. गोठ्याच्या अंगणात त्येच्या बापानं घेतलेली जुनी डॉज पिकप उभी हुती. म्होरं केबिन, मागं लाकडी हौदा. रोज सकाळी पेंडीची पोती त्याच गाडीतनं यायची. तिचं इंजिन सुरू झालं की हरणी खुंट्याला हिसकं द्यायची, म्हंजे आवाज कानातला! मी तसाच परत आत गेलो. "अण्णा, पिकपम्हागं पळवायची! पाय दाबायचंच काम हाय, उचलायचं न्हाय."

"आणि वर चढू कसा? तिचं पायदान बघितलंस कवा?" त्यो म्हणाला. "डॉक्टरकडं नेताना चौघांनी उचलून त्या गाडीत ठेवलं मला, पोत्यागत. सगळी गल्ली बघत हुती. त्ये एकदाच बास झालं, मिस्त्री."

"तुला कोण उचलतंय? गाडीच खाली आणतो की!"

बायडाबाई म्हणाली, "गाडी काय बस म्हटल्यावर बसती व्हय? म्हस हाय का ती?"

"वैनी, मीरासाब मिस्त्रीनं सांगितलं की बसती!" मी म्हटलं. तोंड माझं पहिल्यापासनंच जरा मोठं हाय.

पाडव्याला बारा दिवस हुतं. वेल्डिंगचं सामान हातगाडीवर घालून मी गोठ्यातच आणलं. गाडीच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा जो आडवा लोखंडी दांडा असतोय त्यो आक्सल. त्येच्या वर पाट्यांची कमान बसलेली असती आणि कमानीवर सगळी गाडी. मी काय केलं, आक्सल सोडला आणि कमान वरनं काढून त्येच्या खाली घातली. म्हंजे गाडी आपोआप अर्धी वीत खाली. त्यासाठी आक्सलच्या खालच्या अंगाला कमानीला बसायला नव्या बैठका वेल्ड केल्या. म्होरनं बी पाटं कमी करून तेवढंच उतरवलं. सहा दिवस सकाळपासनं दिवेलागणीपर्यंत मी त्या गाडीखाली पाठीवर पडून.

आणि हे सगळं बघायला अण्णाची आई, आक्का. ऐंशीच्या घरातली म्हातारी. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून दिवसभर मिश्री लावायची आणि माझ्याकडं बघायची. तिच्या शेजारी, फाटकाच्या डाव्या अंगाला, म्हसोबा. म्हशींचा राखणदार. दर अमावस्येला आक्का तेलात शेंदूर कालवून त्येला थापायची. थापून थापून देव असा गुबगुबीत झालेला, की नाक-डोळं कुठं ते आक्कालाच ठावं. मी येताजाता सलाम करायचो आणि कामाला लागायचो.

सातव्या दिवशी गाडी तयार झाली. अण्णाला बोलावलं. त्यो काठी टेकत आला, दार उघडलं, पायदानाकडं बघितलं. मग काठी बायडाबाईच्या हातात दिली, पाय उचलला, तेवढाच टीचभर, आणि पायदानावर ठेवला. दुसरा पाय. आणि बसला की सरळ जाऊन सीटवर! दोनी हातांनी स्टेरिंग धरलं आणि आमच्याकडं बघून असा हसला, की बायडाबाईनं पदर तोंडात कोंबला. आक्का कट्ट्यावरनं ओरडली, "आला गं माझा लेक ठिकाण्यावर!"

हरणीला सोडली. अण्णानं इंजिन मारलं, सायलेन्सर मी काढूनच ठेवला हुता. भडाभडा आवाज उठला. हरणीनं कान टवकारलं, शेपूट वर केलं आणि निघाली गाडीम्हागं. फाटकातनं बाहेर पडून गल्लीत गाडी जरा वळली, आणि मागनं आवाज आला. खर्रर्र. पत्र्यावर खिळा वढल्यावर येतोय तसा. हरणी जाग्यावर थटली. चारी पाय रोवून उभी ऱ्हायली. अण्णानं हाका मारल्या, बायडाबाईनं पेंड दाखवली, मी मागनं रेटली. हलंल तर शपथ! गाडी पुन्हा म्होरं घेतली की पुन्हा खर्रर्र, आणि म्हस एक पाऊल मागं.

अण्णाचं तोंड उतरलं. मला म्हणाला, "ऱ्हाऊ दे मिस्त्री. लई केलंस. वर कर गाडी पुन्हा, पेंड आणायला तर लागंल."

"वर करतोय माझी पेंड!" माझं डोसकं फिरलं. "पाच दिवस हायत अजून. गप बस तू."

गाडीखाली शिरून बघितलं. डावं चाक बाहेरच्या अंगानं हौद्याच्या फळीला घासत हुतं. गाडी उंच हुती तवा चाक फळीच्या खाली असायचं, आता ते फळीच्या आत शिरलं हुतं. टेप लावली. डाव्या चाकात आणि फळीत एक बोट जागा. उजवीकडं पाच बोटं. म्हंजे काय? म्हंजे आक्सल दोन बोटं डावीकडं बसलाय. म्हंजे बैठका वेल्ड करताना मीरासाब मिस्त्रीची नजर चुकली. मला एवढी लाज वाटली सांगू! मी कुणाला कायबी बोललो न्हाय. चिडीचूप दोनी बैठका कापल्या, दोन बोटं सरकवून पुन्हा वेल्ड केल्या, आक्सल उजवीकडं घेतला. दोन दिवस गेलं त्यात. हाताला फोड आलं. पुन्हा टेप लावली. डावीकडं तीन बोटं, उजवीकडं तीन बोटं. अगदी मधोमध! मी उठून मिशीवरनं हात फिरवला.

"अण्णा, घे गाडी. अंगणातच एक गिरकी मार."

अण्णानं गाडी घेतली. सरळ गेली, गप गेली. वळली, आणि मागनं खर्रर्र.

हातातला पाना मी असा भिरकावला, की त्यो जाऊन शेणाच्या ढिगात रुतला. बाहेरनं घासत हुतं ते आता आतनं घासायला लागलं! डाव्या चाकाची आतली बाजू कमानीला लागत हुती. मी टायरला लाथ मारली, अंगठा ठेचला, मग अंगठ्याला शिव्या दिल्या. "तीन बोटं हितं, तीन बोटं तितं, आणि तरी घासती? ह्या गाडीत सैतान हाय! माझ्या बापजन्मात असली गाडी बघितली न्हाय!"

तेवढ्यात घरातनं बायडाबाई आली ती माझ्यापेक्षा डबल तापलेली. "सैतान तुमच्या डोळ्यांत हाय भाऊजी! सकाळी कंबर मोडून अंगण सारवलंय, अजून वाळलं बी न्हाय, आणि त्यात गाडी घातलीसा? बघा काय करून ठेवलंय! चार चार रेघा!"

"पुसून देतो की वैनी."

"काय पुसताय! जायचंच हुतं तर सरळ जायचं. मागचं चाक म्होरच्या चाकाच्या वाटेनं जातंय का न्हाय? दोन रेघा उठाय पायजेत. ह्या चार कुठनं आल्या?"

मी खाली बसलो. गाडी सरळ गेली हुती तिथं ओल्या सारवणावर रेघा कशा, कागदावर वढल्यागत. म्होरच्या चाकांच्या दोन आणि मागच्या चाकांच्या दोन. आणि मागच्या दोनी, दोनी बरं का, म्होरच्यांपेक्षा दोन बोटं उजवीकडं. म्हंजे आक्सल मधोमध नव्हताच. हौद्याच्या मधोमध हुता, गाडीच्या न्हाय.

"वैनी," मी म्हटलं, "ह्या रेघा पुसू नगा."

शेजारी गवंड्याचं काम चाललं हुतं, त्येच्याकडनं ओळंबा मागून आणला. गाडीचा खरा सांगाडा म्हंजे खालची लोखंडी चेशी. फळ्या कशाबी बसतील, चेशी खोटं बोलायची न्हाय. मी म्होरनं आणि मागनं चेशीच्या मध्यावरनं ओळंबा सोडला, जमिनीवर चुन्याचं ठिपकं टाकलं, दोरी ताणली. मग हौद्याचा मध्य काढून तिथनं ओळंबा सोडला. त्यो दोरीच्या उजवीकडं दोन बोटं पडला.

हौदाच तिरका! मी पहिल्यांदा बसवलेला आक्सल बरोबर हुता, एक सूत इकडं न्हाय की तिकडं न्हाय. घासत हुतं ते हौद्यामुळं. आणि मी शहाण्यानं बरोबर असलेलं कापून, हाताला फोड आणून, चुकीचं करून ठेवलं हुतं!

"कुठल्या गाढवानं ह्यो हौदा बसवलाय?" मी बोंब ठोकली.

कट्ट्यावरनं आक्का मिश्री थुंकून म्हणाली, "गाढव कुणाला म्हणतोस रं? माझ्या मालकानं बसवलाय."

"आक्का, ह्यो दोन बोटं उजवीकडं हाय!"

"मग? असणारच की. बसवला तवा मधीच हुता. मग फाटकातनं जाताना म्हसोबाला लाकूड घासायला लागलं. गाडी उजवीकडं घ्यावी तर गटार, चाक गटारीत जायचं. देवाला काय सरकवता येतंय व्हय? मग ह्येंनी हौदाच सरकवला, दोन बोटं."

मी कपाळावर हात मारला. "आक्का! धा दिवस तुझ्या डोळ्यांम्होरं मी गाडीखाली लोळतोय! सांगायचं न्हाय व्हय?"

"तू इचारलंस व्हय मला?" आक्का म्हणाली. "यायचास, सलाम करायचास आणि शिरायचास गाडीखाली. मला वाटलं एवढा नावाजलेला मिस्त्री हाय, त्येला ठावं असंल."

बायडाबाई हसून हसून खाली बसली. अण्णा केबिनमधी स्टेरिंगवर डोकं ठेवून खदखदून हसत हुता, अडीच महिन्यांत पहिल्यांदाच असा. मी मातर रागानं लाल. आणि मग मला बी हसू फुटलं. काय करणार? आक्सलला मी म्हसोबाच्या मापानं बसवला हुता!

पर हसून झाल्यावर खरी आडचण ध्यानात आली. आक्सल परत चेशीच्या मधी घेतला, तर हौदा बी मधी आणाय पायजे, न्हायतर फळी पुन्हा चाकाला घासणार. आणि हौदा मधी आणला, तर फाटकातनं निघताना म्हसोबाला लागणार. मी म्हटलं, "गाडी आधी बाहेर गल्लीत काढतो आणि तिथं हौदा सरकवतो."

आक्का म्हणाली, "पाडव्याला गाडी आणि म्हस म्हसोबाला ओवाळून फाटकातनंच निघती. गुमान चोरावानी बाहेरनं जायचं व्हय? माझ्या घरात तसं झालं न्हाय."

अण्णा केबिनमधनं उतरला. तोंड पुन्हा पडलेलं. "मग ऱ्हाऊ दे मिस्त्री. देवाला धक्का लावून म्हस पळवायची न्हाय मला. हरणीला मी गोठ्यातच ओवाळतो." असं म्हणून काठी टेकत आत जायला लागला. दुसऱ्याच्या देवाचा प्रश्न, त्यात मी नाक कसं खुपसू?

आक्का लेकाच्या पाठीकडं बघत ऱ्हायली. मग कट्ट्यावरनं उतरली, म्हसोबाम्होरं जाऊन उभी ऱ्हायली, कमरेवर हात ठेवून. शेजारणीशी बोलावं तशी बोलली, "बघ बाबा. तुझ्यापायी आमी तीस वर्सं हौदा सरकवून ठेवला. कवा तक्रार केली का? आता माझ्या लेकाची येळ हाय. आता तू जरा सरक." आणि माझ्याकडं वळली. "मीरासाबा, आण हौदा मधी. देवाला मी सांगितलंय."

अण्णा दारात थबकला. "आई, देव कुठं सरकतोय व्हय?"

"तुझं काय जातंय? त्यो आणि मी बघून घेऊ."

ऱ्हायलेल्या दोन दिवसांत मी पुन्हा त्याच बैठका कापल्या आणि पहिल्या जाग्यावर परत लावल्या. ह्या येळंला टेप फळीला न्हाय, चेशीला. डावीकडं जेवढं, उजवीकडं तेवढं. मग हौद्याचं बोल्ट ढिलं करून गल्लीतली सात-आठ माणसं लावली आणि हौदा दोन बोटं डावीकडं आणला. चाकं आणि फळ्या, दोनीकडं तीन-तीन बोटं. अंगणात गिरकी मारली. आवाज न्हाय. बायडाबाईनं मुद्दाम सारवण ओलं ठेवलं हुतं. गाडी सरळ गेली तिथं रेघा दोनच उठल्या. तिनं त्या दोन रेघांवर रांगोळी घातली, देवाशपथ! पर फाटकाकडं बघायचं धाडस कुणाचंच हुईना. म्हसोबाला टेप लावायची न्हाय एवढी अक्कल मला हाय. नुसत्या नजरेनं बघितलं, तर जागा नव्हती.

पाडव्याची सकाळ. हरणी अशी नटलेली, की नवरीनं लाजावं. शिंगं लाल-हिरवी, पाठीवर केस कातरून काढलेली नक्षी, आणि पायात तेच घुंगरू. बायडाबाईनं गाडीला ओवाळलं, हरणीला ओवाळलं, म्हसोबाला ओवाळलं. अण्णा गुलाबी फेटा बांधून आला. काठी भिंतीला टेकवली आणि आपला आपण गाडीत चढला. गल्ली माणसांनी भरलेली. मी म्हसोबाजवळ उभा, हात वर करून. "हळू! हळू ये! उजवीकडं गटार बघ!"

केबिन गेलं. हौद्याचं टोक म्हसोबाजवळ आलं. एक सूत. अर्धा सूत. मी मनातल्या मनात सगळ्या पीर-देवांना हाका मारल्या. आणि टक्क.

लाकूड लागलं. अण्णानं गाडी जाग्यावर दाबली. म्हसोबाच्या अंगावर वरपासनं खालपर्यंत एक चीर गेली, आणि बघता बघता म्होरचा सगळा शेंदूर, तीस-चाळीस वर्सांचं थरावर थर, सोलून निघाला आणि अख्खाच्या अख्खा खाली मातीत उतरला. चांगला दोन बोटं जाड. आत काळाभोर, गुळगुळीत, देखणा दगड. त्येला नाक हुतं, डोळं हुतं, मिशा बी हुत्या.

मला वाटलं, संपलं. आता ही गल्ली मला जित्ता सोडत न्हाय.

आक्का वाकून बघत हुती. जवळ गेली, त्या काळ्या दगडावरनं हात फिरवला. मग वळली, आणि त्या म्हातारीच्या तोंडावर हसू मावंना. "खोळ टाकली!" ती ओरडली. "देवानं खोळ टाकली रं! मी सांगितलं ते ऐकलं त्येनं. सरकला बघा, सरकला!" मग मला म्हणाली, "ह्यो एवढा बारीक हुता व्हय रं? मीच त्येला जाड करून ठेवला आणि ह्येंनी हौदा सरकवला!"

मग जी बोंब उठली गल्लीत! हलगीवाल्यानं हलगी कडाडवली. देवाची खोळ, म्हंजे त्यो गळालेला शेंदूर, नदीत सोडायची असती. आक्कानं ती नव्या खणात गुंडाळली आणि म्हणाली, "गाडीतच ठेवा. त्यो बी येऊ दे म्हस पळताना बघायला." मी हात मागं घेतला, म्हटलं माझा हात चालंल का. आक्का म्हणाली, "धक्का तूच दिलास, आता उचल की तूच." मी दोनी हातांनी उचलली आणि हौद्यात ठेवली. जड हुती.

फाटकातनं गाडी आरामात बाहेर पडली. अण्णानं मान बाहेर काढून एकच हाक मारली, "हरणेऽऽ!" आणि गाडी सोडली.

काय सांगू तुमास्नी! शेपूट वर, मान लांब, घुंगरं छुमछुम न्हाय, धबाधबा वाजायला लागली. हरणी सुटली ती सरळ गाडीच्या मागच्या फळीला नाक लावून. गल्लीच्या वळणावर मी जीव मुठीत धरला. गाडी वळली. आवाज फक्त इंजिनचा. हरणी बी वळली. शेजारनं दोन फटफट्या भडभडत गेल्या, तिनं बघितलं सुदीक न्हाय. पार पंचगंगेच्या घाटापर्यंत म्हस फळीपासनं हातभर लांब झाली न्हाय. मी मागनं पळत हुतो, बायडाबाई माझ्याम्होरं पळत हुती, आणि मी रडत हुतो. सरळ सांगतो, लाज कसली त्यात.

घाटावर खोळ सोडली आणि गाडी परत आली. गाडी उलटी घेत फाटकातनं आत लावायची हुती. अण्णा आरशात बघत, मी म्हसोबाजवळ उभा. आक्का कट्ट्यावरनं ओरडली, "मीरासाबा, किती जागा हाय रं?"

मी हौदा आणि देव यांच्यामधी बघितलं. आणि सगळ्या गल्लीला दिसंल असा हात वर करून दोन बोटं दाखवली. गल्ली अशी हसली, की म्हशी बुजल्या.

गाडी थांबली. बायडाबाई सवयीनं काठी घेऊन दाराकडं पळाली. अण्णानं दार उघडलं, एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. काठी त्येनं घेतली न्हाय. एका हातानं हौद्याची फळी धरून चार पावलं चालत मागं गेला, हरणीजवळ. खाली बसता येत न्हाय म्हणून फळीला टेकून वाकला, तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि तिनं बी दिला. घुंगरात आडकलेलं गवत त्यो एकेक करून काढायला लागला.

"वैनी," मी म्हटलं, "घुंगरू इकायचं हुतं न्हवं?"

अण्णा मान वर न करता म्हणाला, "गप बस मिस्त्री. तू आधी तुझं बटण नीट लाव."